न बघता बांधलेली पुडी

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये एक मालवणी अटेंडंट होते. फॉर्मॅलिनच्या बरण्या उघडल्या की आम्ही डोळे पुसायचो. ते खुशाल वाकून बेडूक काढायचे. "माका वासच येना नाय, बाई," हे ते चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगत.

एकदा मी लॅबमध्ये मुलांना उंदराच्या नाकाची स्लाइड समजावत होते. वास घेणाऱ्या मज्जापेशी मरतात आणि तळच्या थरातून नव्या वाढून वर येतात, जन्मभर. मागे बरण्या पुसणारं त्यांचं फडकं थांबलं.

"माणसातपण, बाई?"

मी हो म्हटलं. फॉर्मॅलिनने तळचा थरच जळाला असेल तर काही उगवत नाही, हे सांगायचं राहिलं. नंतर सांगवेना.

मग दर सोमवारी ते फुलवालीकडून न बघता बांधून घेतलेली पुडी आणू लागले. डोळे मिटून हुंगायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "आज नाय. बघा काय हा." कधी चाफा निघे, कधी जुई.

असे कितीतरी सोमवार गेले. एकदा पुडी नाकाशी धरूनच ते ओरडले. "इलो, बाई! मोगरो!"

पुडीत अबोली होती. अबोलीला वासच नसतो.

"मोगराच," म्हणत मी पुडी घाईने मिटली.

त्यांनी हात पुढे केला. "द्या, बायलेक नेतंय."

द्यावीच लागली. घरी बायको ती उघडणार होती.

पुढच्या सोमवारी ते रिकाम्या हाताने आले. बरणी उघडण्याआधी त्यांनी नाकाला रुमाल बांधला.

"हल्ली वास सोसवना नाय, बाई," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.