झोळीच्या बिजागऱ्या

चष्म्याच्या दुकानात बसून ज्याने उभा जन्म वाकड्या काड्या सरळ करण्यात घालवला, त्याला वाकडं काही दिसलं की चैन पडत नाही. दादांचं तसंच झालं होतं. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि दादांचं लक्ष त्याच्या नाकावरचा चष्मा कुठल्या बाजूला कललाय तिकडे. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं कापड, दुसऱ्याच्या घरातला पडदा, त्यांच्या नजरेतून काही म्हणून सुटायचं नाही. त्यांची बायको म्हणायची, "माझं नशीब की मी सरळ चालते. नाहीतर मलाही पकडीत धरून पिळलं असतं यांनी."

दादांना नाद एकच होता, विमानांचा. हलक्या लाकडाची, हातभर-दीड हात लांबीची विमानं ते घरी बनवायचे आणि रिमोटवर उडवायचे. दुकानामागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. त्यावर बारीक करवत, पॉलिश पेपर, गोंदाच्या बाटल्या असं सगळं शिस्तीत मांडलेलं. त्या टेबलाला हात लावायची परवानगी जगात एकाच माणसाला होती. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

धाकटा बस चालवायचा. आवाज असा खणखणीत की त्याला वेगळा हॉर्न लागत नाही, असं डेपोतले लोक म्हणायचे. म्हणून त्याचं नावच पडलं भोंगा. सुट्टीच्या दिवशी तो दादांबरोबर गावाबाहेरच्या मैदानावर जायचा. विमान डोक्यावर धरून पळत सुटायचा आणि पुढे भिरकावून द्यायचा. विमान वर चढलं की त्याची आरोळी अशी उठायची की शेजारच्या झाडावरची पाखरं उडून जायची. "अरे, जरा हळू," दादा म्हणायचे, "विमान घाबरून खाली येईल." पण खरं सांगायचं तर त्या आरोळीशिवाय विमान उडाल्यासारखंच त्यांना वाटायचं नाही.

एका सकाळी भरल्या बसमध्ये भोंग्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली घसरला. त्याने तो परत वर ठेवला, तो परत घसरला. काहीतरी भलतंच होतंय हे ओळखून त्याने डाव्या हाताने बस कडेला घेतली, थांबवली, आणि मगच तो सीटवर आडवा झाला. आतल्या माणसांना धक्कासुद्धा बसला नाही. अर्धांगाचा झटका होता. पाय हळूहळू चालता झाला, जिभेचा जडपणा गेला, आवाज परत आला. हात मात्र आला नाही. तो गळ्यातल्या कापडी झोळीत पडून असायचा. डेपोने त्याला घरी बसवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले काही महिने महत्त्वाचे, बोटं हलवत राहा. हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. भोंग्याने तो कोपऱ्यात भिरकावला. "मी काय कुत्रा आहे का चेंडूशी खेळायला?"

त्याची बायको एक दिवस दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत काउंटरपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, तुम्हीच काहीतरी करा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

दादांनी नवं विमान नुकतंच हाती घेतलं होतं. आजवरच्या सगळ्यांत मोठं, जमिनीवरून धावत जाऊन उठणारं. सांगाडा झाला होता, पंख झाले होते. राहिलं होतं ते पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या जोडायचं काम. या पट्ट्या वर-खाली झाल्या की विमान चढतं, उतरतं, वळतं. त्या धरून ठेवायला बाजारात प्लॅस्टिकच्या तयार बिजागऱ्या मिळतात. पण दादा जुन्या वळणाचे, ते कापडाच्या बिजागऱ्या लावायचे. दुसऱ्याच दिवशी ते सगळं सामान घेऊन भावाच्या घरी गेले.

"मला दुकानातून वेळ होत नाही," त्यांनी थाप मारली. "एवढं तू करून दे."

"एका हाताने?"

"एका हाताने काप, दुसऱ्याने नुसतं धर. धरता तरी येईल ना?"

भोंगा कुरकुरत उठून बसला. दादांनी घरातून आणलेल्या चिंध्या टेबलावर पसरल्या आणि दोघं कापड निवडायला बसले. उशीच्या अभ्र्याचा तुकडा दादांनी उजेडात धरला. वीण इतकी विरळ की त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. "यातून गोंद झिरपेल. सांध्यात उतरला की झालं, पट्टी लाकडासारखी ताठ." जुन्या पँटचं कापड दणकट होतं, पण घडीच घेईना. अस्तराचा तुकडा भोंग्यालाच आवडला होता, छान सुळसुळीत. दादांनी तो तिरका ओढून दाखवला, तो रबरासारखा ताणला. "बिजागरी ताणली तर पट्टी वाऱ्यात फडफडेल. विमान गेलंच समज."

"मग काय, माझं कातडं काढून देऊ?" भोंगा वैतागला. त्याने डाव्या हाताने गळ्यातली झोळी डोक्यावरून ओढून काढली आणि टेबलावर आपटली. "हे घे. हिची काप."

"अरे, डॉक्टरांनी घालायला सांगितलीय."

"डॉक्टरांना विमान उडवायचंय का?"

दादांनी झोळी उचलली. सुती, घट्ट विणीची, धुवून धुवून मऊ झालेली. उजेडात धरली, तिरकी ओढली, बोटांत घडी घालून उलगडली. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरेच्चा!" भोंगा आजारी पडल्यानंतर पहिल्यांदा हसला.

काम दिसायला सोपं होतं. धाग्याच्या सरळ रेषेत कापडाच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. प्रत्येकीचा अर्धा भाग पंखाच्या वरच्या अंगाला चिकटवायचा, ती फटीतून खाली न्यायची आणि उरलेला अर्धा भाग हलत्या पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटवायचा. तिच्या शेजारची उलटी, खालून वर. दोन्ही एकमेकींना आवळून धरतात आणि सांधा लोण्यासारखा हलतो. घडीच्या जागी गोंद जाऊ नये म्हणून तिथे व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. चांगल्या हाताच्या माणसाचं दुपारभराचं काम. भोंग्याला त्यासाठी आठवड्यांमागून आठवडे लागले. उजव्या हाताच्या बोटांत कापड धरायचं, तर ते निसटायचं. तो कात्रीला शिव्या द्यायचा, गोंदाला द्यायचा, स्वतःच्या बोटांना तर एकेकाला नाव देऊन द्यायचा. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, याच्या घरात कुणी पाहुणे उतरलेत आणि याचं त्यांच्याशी पटत नाही. पण बोटं धरायला लागली. आधी अंगठा आणि एक बोट, मग दोन. बायको दारातून बघायची आणि मुद्दाम काही न बोलता आत जायची.

शेवटची बिजागरी वाळली त्या दिवशी भोंग्याने दादांना बोलावून घेतलं. उजव्या हाताच्या बोटाने त्याने पंखाची हलती पट्टी वर ढकलली, खाली ढकलली. "बघ! हलतेय की नाही? झोळी उडणार आता!" आणि त्याने ती जुनी आरोळी ठोकली. दादांनी त्याची पाठ थोपटली. रविवारी उडवायचं ठरलं. रंगाचा शेवटचा हात द्यायचा म्हणून दादा विमान दुकानात घेऊन आले.

दुपारी दुकान बंद करून ते मागच्या खोलीत बसले आणि त्यांनी विमान दिव्याखाली धरलं. कुठली बिजागरी रुंद, कुठली अरुंद. काठांचे धागे सुटलेले. गोंदाचे गोळे. शेपटीवरची एक तर सरळसरळ तिरकी. दादांनी मान वळवली, परत पाहिलं. विमान जड आहे, ते मनात म्हणाले. यातली एक जरी सुटली तर कोसळेल, आणि मग भोंग्याला काय वाटेल? त्याच्यासाठीच करायला हवं. असं स्वतःला पटवून त्यांनी पकड उचलली आणि त्या तिरक्या बिजागरीचं टोक धरून ओढलं.

बिजागरी निघाली नाही. त्यांनी जोर लावला. लाकडाचं सालपट निघालं, कापड जागचं हललं नाही. दुसरी ओढून पाहिली, तीही तशीच. दादांचा हात थबकला. या बिजागऱ्यांवर विमान खुशाल उडलं असतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. तरीही त्यांनी पकड खाली ठेवली आणि ब्लेड घेतलं.

त्यांची बायको चहा घेऊन आली. टेबलावर कापडाचे तुकडे पडलेले. "हे काय करताय?"

"जरा नीटनेटकं करतोय."

"भावजींना विचारलंत?"

"वरून रंग देणार आहे. त्याला कळणारसुद्धा नाही."

तिने कप ठेवला आणि निघून गेली. विमानाबरोबर परत आलेल्या सामानात झोळीचं उरलेलं कापड होतंच. दादांनी फूटपट्टी लावून, मोजून सगळ्या बिजागऱ्या नव्याने कापल्या आणि चिकटवल्या. अगदी एकसारख्या.

रविवारी मैदानावर भोंगा नवा शर्ट घालून आला होता. बायकोही बरोबर होती. विमान गवतावर ठेवल्यावर तो त्याच्याशेजारी उकिडवा बसला. उजव्या हाताचा अंगठा त्याने शेपटीच्या सांध्यावरून फिरवला. एकदा, परत एकदा. मग पंखाच्या सांध्यावरून. रंग दिसणं झाकतो, हाताला लागणारं झाकत नाही. दादा रिमोटशी उगाच खुडबुड करत राहिले.

"छान झालंय," भोंगा म्हणाला आणि उठून बाजूला उभा राहिला.

विमान असं उठलं की दादांच्या कुठल्याच विमानाने तोवर तसं उड्डाण केलं नव्हतं. धावलं, अलगद वर गेलं, मैदानाला वळसा घालून डोक्यावरून आलं. दादा आरोळीची वाट बघत होते. त्यांनी वळून पाहिलं. भोंगा वर बघत होता, तोंड मिटून. उजवा हात त्याने खिशात घातला होता.

त्यानंतर भोंगा टेबलाकडे फिरकला नाही. दादांनी नवं काम पाठवलं, तर "बघू" म्हणून निरोप आला. सामान तसंच बांधलेलं परत आलं. त्याची बायको रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काय झालं कळत नाही. हात खिशातून काढतच नाहीत. तुमचं काही बोलणं झालं का?" दादांनी नाही म्हणून मान हलवली. जाऊन सांगावं असं त्यांना रोज वाटायचं. आज गर्दी आहे, उद्या जाऊ. उद्या त्याचा मूड बरा असेल तेव्हा बोलू. आणि बोलायचं तरी काय? मी तुझं काम तोडलं म्हणून? दादांची बायको एकदाच म्हणाली, "जाऊन या हो एकदा." मग तिनेही विषय सोडला. असं करता करता भोंगा आणि त्याची बायको दुसऱ्या गावी, मुलीकडे राहायला गेले. निरोपाला दादा स्टँडवर गेले होते. बोलणं झालं ते बॅगा कुठे ठेवायच्या याचं.

बऱ्याच दिवसांनी दादा त्याच्याकडे गेले. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोघं भाऊ गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. खाली रस्त्यावरून बस गेली की भोंगा गिअर कसा पडला ते आवाजावरून सांगत होता. एक बस गेली आणि दादांनी एकदम बोलून टाकलं.

"त्या बिजागऱ्या मी बदलल्या होत्या."

"माहितीये."

"तुला राग आला असेल."

"राग आला असता तर ओरडलो नसतो का?" भोंगा म्हणाला. "मला वाटलं, माझं काम पुरतं बिघडलेलं होतं आणि तू मला ते सांगितलं नाहीस. लहान पोराची समजूत काढतात तशी माझी काढत होतास. म्हटलं, गेला हात तो गेलाच. उगाच कशाला खेळ."

"बिघडलेलं नव्हतं," दादा म्हणाले. "पकडीने ओढल्या मी. निघत नव्हत्या. शेवटी ब्लेडने कापाव्या लागल्या. फक्त दिसायला वाकड्या होत्या रे. माझ्याच्याने ते बघवेना."

भोंग्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग त्याने विचारलं, "खरंच निघत नव्हत्या?"

"तुझी शपथ."

"मग तेव्हा सांगायचंस ना, दादा."

तो हे चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. बोटं तळव्यात मिटून गेली होती. कापड धरायला शिकलेली ती दोन बोटंसुद्धा. "आता उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, फार दिवस गेले मध्ये." मुलीने आत जेवायला बोलावलं. भोंगा डाव्या हाताने चमच्याने जेवला, सावकाश, सवयीने. दादा ताटातली पोळी नुसती कुस्करत राहिले. "काय रे, पोट बरं नाही का?" असं भोंग्यानेच त्यांना विचारलं.

आता दोघांचं फोनवर बोलणं होतं. भोंगा नातीच्या खोड्या सांगतो, डेपोतल्या जुन्या माणसांची चौकशी करतो. आणि मग, ठेवता ठेवता, हमखास विचारतो, "मोठं विमान उडवतोस ना?"

दादांनी ते त्या रविवारनंतर मैदानावर नेलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं, आणि पलीकडे भोंग्याला इतकं बरं वाटलं की मग त्यांना मागे फिरता आलं नाही. आता तो बारीकसारीक विचारत राहतो. किती वर गेलं? उतरताना उडी मारली का? वारा कुठून होता? दादा फोन कानाला धरून दुकानाच्या दाराशी येतात, समोरच्या झाडाची पानं कुठल्या बाजूला हलतायत ते बघतात, आणि सांगतात.