चौदा-तीसचा धूर

पालघर-मनोर रस्त्याच्या उत्तरेला एका डोंगरमाथ्यावर आमची सिग्नलची रिले पोस्ट होती. एक मास्ट, दोन तंबू, एक जनरेटर, सहा जवान. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. तिथे जाणाऱ्या लेफ्टनंटला मलेरिया झाला, म्हणून तीन आठवड्यांसाठी मला पाठवलं. मी कॅप्टन होते, सर्व्हिस चार वर्षं. सैन्यात आमच्यासारख्या मुली नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्यामुळे पोस्टवर पोचायच्या आधीच माझी बातमी तिथे पोचली होती.

आमचं मूळ काम रेडिओचं. त्या वर्षी मे महिन्यात कोरड्या विजा पडून जंगलाला दोन-तीनदा आग लागली, आणि फॉरेस्टकडे रेंज ऑफिसातला एक सोडला तर वायरलेस सेट नव्हते. म्हणून सिव्हिलला मदत म्हणून आम्हाला आणखी एक काम मिळालं. वीज कुठे पडली ते नोंदवायचं, धूर दिसला की रेंज ऑफिसला कळवायचं, आणि वीज पडलेल्या भागातली पायवाट अठ्ठेचाळीस तास बंद ठेवायची. विजेने पेटलेलं झाड आतल्या आत एक-दोन दिवस धुमसतं आणि वारा मिळाला की भडकतं, असं आम्हाला सांगितलं होतं.

पोस्टवरून पश्चिमेला तारापूरच्या अणुकेंद्राच्या इमारती आणि त्यामागे समुद्र दिसायचा. अलीकडे बोईसरच्या कारखान्यांचा धूर. तो रोजचाच, नोंदवायचा नाही. आम्ही पूर्वेला तोंड करून बसायचो.

फॉरेस्टने एक माणूस दिला होता, देवजी. रोजंदारीवरचा वॉचमन, पन्नाशीचा, खालच्या पाड्यातला. जवान मला मॅडम म्हणायचे, तो बाय म्हणायचा. माझा उजवा हात होता नाईक दिलीप खोत, शिराळ्याकडचा, वय एकोणतीस. दोघांची दिवसभर चेष्टा चालायची.

"देवजीभाऊ, दुर्बीण घ्या की. फुकट आहे."

"तुमीच घ्या. डोलं अधू असतील त्याला ती लागते."

आमची खरी अडचण होती राब. भाताची रोपं टाकण्याआधी डोंगरातले लोक शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. मे महिन्यात रोज कुठे ना कुठे राब जळत असतो, आणि दुर्बिणीतून राबाचा धूर आणि आगीचा धूर मला सारखाच दिसायचा. पहिल्या आठवड्यात मी रेंज ऑफिसला तीनदा आग कळवली. तिन्ही वेळा त्यांची माणसं घामाघूम होऊन वर चढली आणि राब बघून परतली. तिसऱ्यांदा सेटवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, खाना पक रहा होगा. देख लीजिए." मागे कोणीतरी हसलं. मी रॉजर म्हटलं आणि सेट ठेवला.

मग मी व्यवहारी मार्ग काढला. देवजीला बरोबर घेऊन पाड्यापाड्यात गेले आणि कोण कोणत्या दिवशी राब लावणार याची यादी केली. यादी सेटशेजारी टांगली. मला ती फार आवडली होती.

सोमवारी संध्याकाळी १८१० ला, म्हणजे सहा-दहाला, विजा सुरू झाल्या. पाऊस चार थेंब. वरच्या पाड्याच्या वाटेला लागून असलेल्या डोंगराच्या सोंडेवर एक वीज पडलेली आम्ही तिघांनी पाहिली. १९०० पर्यंत खोत आणि देवजीने वाटेच्या दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधले, त्यावर लाल फडकं लावलं.

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला वरच्या पाड्यातले दोन जण पोस्टवर आले. संध्याकाळी पाड्यातल्या मुलीचं वऱ्हाड खाली उतरणार होतं. दुसरी वाट चार तासांची, बरोबर म्हातारी माणसं. वाट उघडाल का, असं त्यांनी विचारलं. सकाळपासून सोंडेवर धूर नव्हता. वीस तास होत आले होते. मी म्हटलं, तीन वाजता उघडते.

१४३० ला धूर दिसला. बारीक, सरळ, सोंडेच्या मागून. मी यादी पाहिली. वरचा पाडा, मंगळवार. मी लॉगमध्ये 'राब' लिहिलं.

देवजी माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "बाय, तो राबाचा धूर नाय."

"यादीत आहे."

"आसल यादीत. भर दुपारी राब कोन लावतंय? आन् आज पाड्यात लगीन हाय. समदे लग्नात हायेत. राब आता परवा लावतील."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते समजायला मला देवजीचीही गरज नव्हती. ज्या लग्नासाठी मी वाट उघडत होते त्याच पाड्याचा तो यादीतला राब होता. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पण मला चौथ्यांदा हसं करून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "देवजीभाऊ, तुम्ही चहा घ्या."

 खोतने एकदा माझ्याकडे बघितलं. १५०० ला माझ्या ऑर्डरप्रमाणे तो खाली जाऊन वाट उघडून आला.

चारला समुद्रावरून वारा सुटला. १६१५ ला सोंडेच्या अलीकडे काळा धूर उठला आणि खाली ज्वाळा दिसल्या. वऱ्हाड निम्म्या वाटेवर होतं. दुर्बिणीतून रंगीत लुगडी मोजता येत होती.

मी रेंज ऑफिसला कळवलं. त्यांना यायला दीड तास लागणार होता. खोतने आधीच सेट पाठीवर घेतला होता.

"मॅडम, मी आणि देवजीभाऊ जातो."

"जा. पाण्याची कॅन घ्या. त्यांना माघारी चढवू नका, आग वर चढते."

"खाली उतरवतो."

आणखी दोन जवानांना फावडी देऊन त्यांच्या मागे पाठवलं. १६४० ला सेटवर खोतचा आवाज आला. "माणसं भेटली. वाट पुढे पेटली आहे. देवजीभाऊ म्हणतात, डावीकडे जळलेला राब आहे, तिथे नेतो. ओव्हर."

"न्या. ओव्हर."

गेल्या आठवड्यात मी आग म्हणून कळवलेला तोच तो राब. जळून काळा पडलेला तुकडा. तिथे पेटायला काही उरलं नव्हतं.

१६५२ ला सेट पुन्हा वाजला, पण कोणी बोललं नाही. नुसता श्वास. मग देवजी.

"बाय, मी बोलतो. ह्या खटक्यावर बोट ठेवून बोलायचा ना?"

"हो. खोत कुठे आहे?"

"माघारी गेलाय. म्हातारी मागं राहिली व्हती, तिला आनली. मंग ती बोलली, सून मागं हाय. सेट माज्याकडं दिला आन् गेला. बाय, सून हितंच हाय. मानसांत व्हती. म्हातारीला दिसली नाय."

"हाक मारा त्याला."

"मारतो हाय कवाचा."

मी म्हटलं, "बोलून झालं की ओव्हर म्हणा." हे मी का म्हटलं ते आजही मला सांगता येत नाही.

रेंजची माणसं १८०० ला पोचली. खोत १८४० ला सापडला, वाटेच्या वळणावर. वऱ्हाडातले सगळे जण जिवंत होते. मुलीचं लग्न त्या रात्री झालं नाही, चार दिवसांनी झालं.

खोतच्या मृत्यूची कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन दिवस चालली. लॉग बघितला, यादी बघितली. यादी प्रामाणिकपणे केली होती, हे सगळ्यांना मान्य होतं. वाट वेळेआधी उघडल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. शेवटी प्रिसायडिंग ऑफिसरने विचारलं, "धूर राबाचा नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, सर."

देवजीला कोणी बोलावलं नाही. रोजंदारीचा माणूस, त्याची साक्ष घ्यावी असं कोणाला वाटलं नाही. पोस्ट उठवताना मी त्याला भेटायला गेले. तो दारात बसून कोयत्याला धार लावत होता.

"मला कुनी इचारलं नाय, बाय."

"मला विचारलं होतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. त्याने मला बस म्हटलं नाही.

सैन्यातली कमिशनची मुदत संपल्यावर मी बोईसरला एका कारखान्यात सेफ्टीच्या कामावर लागले. काम चांगलं करते. वायरमन, हेल्पर, कोणीही काही सांगायला आला तर आधी मशीन थांबवते, मग बोलते. याने जुना हिशेब फिटत नाही, हे मला माहीत आहे.

दर मे महिन्यात मी खोतच्या बायकोला, सुनंदाताईंना, पत्र पाठवत असे. चार ओळी, खुशाली, मुलीच्या शाळेची चौकशी. बाराव्या वर्षी पत्राऐवजी स्वतः गेले. त्या गोठ्यात होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. धूर, देवजी काय म्हणाला, मी काय म्हटलं, आणि चौकशीत काय बोलले ते.

त्यांनी म्हशीपुढे वैरण टाकली, हात पुसले.

"मग दरवर्षी पत्र येतंय, ते ह्याच्यासाठी होय?"

"हो."

"मला वाटायचं, त्यांची आठवण येते म्हणून पाठवता."

"तीही येते."

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "पण आता पत्र नका पाठवू."

चहा घेतला आणि निघाले. त्यानंतर पत्र पाठवलेलं नाही.

नाईक दिलीप खोत. पोहण्यात बटालियनमध्ये पहिला. मिशीला तेल लावायचा. मुलगी झाल्याची तार आली तेव्हा त्याने अख्ख्या पोस्टला शिरा करून घातला होता आणि तो करपला होता. तो माघारी गेला तेव्हा त्या वाटेवर कोणीही नव्हतं.