आधी खाटा मोजा

इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये तेवीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे तारवाले म्हणत. कुठली तार कुठे जाते हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, आणि एखादं मशीन आजारी पडलं की ते आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत. गरम झालंय, घरघरतंय की गप्प बसलंय, एवढ्यावर अर्धं निदान व्हायचं.

मग इस्पितळाने स्वतःचा खाजगी क्लाउड उभारला. आभाळात वगैरे काही गेलं नाही, सगळं तळघरातच राहिलं. फक्त चाळीस मशिनं सॉफ्टवेअर होऊन चार मोठ्या सर्व्हरांच्या पोटात गेली आणि हात ठेवायला पाठच उरली नाही. हे सांभाळायचं तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणा, असा हुकूम निघाला. तारवाले दोनदा नापास झाले. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की बदली भांडारात, चादरी आणि बादल्या मोजायला.

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. दाढी करताना ओठ पुटपुटत, जेवताना घास हातातच राही. बायको त्याच इस्पितळात सिस्टर होती. दुपारच्या पाळीला निघण्याआधी ती पुस्तक उघडून प्रश्न विचारी.

“एक सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करायचाय. आधी काय कराल?”

“आधी जाऊन त्याला हात लावून बघतो.”

“अहो, परत तेच! दोन्ही वेळा इथेच घोडं अडलं ना तुमचं?”

खोटं नव्हतं. दोन्ही वेळा घाईत त्यांनी आतली मशिनं चालू असतानाच सर्व्हर बंद केला होता. पूर्वी एका खोक्यात एकच मशीन असे, बटण दाबलं की काम झालं. तेवीस वर्षं बोटांत मुरलेली सवय, पुस्तक वाचून थोडीच जाते!

सिस्टरने पुस्तक मिटलं. “वॉर्ड रंगवायचा असला की आम्ही काय करतो? पेशंट आत ठेवून दिवे घालवतो?”

“छे, आधी त्यांना दुसऱ्या वॉर्डात हलवता.”

“आणि त्याच्याही आधी?”

तारवाले मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडू लागले, तशी तिनेच उत्तर दिलं.

“तिकडच्या रिकाम्या खाटा मोजतो. नाहीतर पेशंट व्हरांड्यात ताटकळतात आणि नातेवाईक आमचा उद्धार करतात.”

परीक्षेच्या खोलीत हाताला असा घाम सुटला की माउस निसटू लागला. शेवटचं काम सगळ्यात जास्त गुणांचं होतं: पहिला सर्व्हर बंद करा, पण चालू मशीन एकही थांबता कामा नये. बोट बटणाकडे निघालंच होतं. तारवाल्यांनी ते दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं. शेजारची परीक्षार्थी मुलगी दचकून बघू लागली.

मग त्यांनी खाटा मोजल्या. हलवायची मशिनं चार. तिसऱ्या सर्व्हरवर दोन जागा, चौथ्यावर एक, दुसरा पूर्ण भरलेला. एक जण व्हरांड्यात! घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. त्यांनी दुसरा सर्व्हर पडद्यावर पुन्हा उघडला, एकेका मशीनची नोंद वाचली. एक किरकोळ मशीन दोन जागा स्वतःसाठी राखून बसलं होतं. बरा झालेला पेशंट उशाला पिशव्या मांडून बसावा तसं. त्यांनी त्याची एक जागा सोडवली, चौघांना हलवलं आणि मगच बटण दाबलं.

निकालाचा कागद घडी न उघडताच घेऊन ते जिन्यात आले आणि वॉर्डात फोन लावला.

“अगं, सगळे हलवले. एकालाही धक्का लागला नाही.”

“आणि निकाल?”

“हातात आहे. उघडायची भीती वाटते.”

“उघडा बघू.”

कागद उघडल्याचा आवाज तिला आला.

“अहो, बोला ना! माझा जीव टांगणीला लावलाय!”

तारवाले जिन्याच्या पायरीवर बसून कागद दुसऱ्यांदा वाचत होते.

“तळघरातच राहतो मी,” ते म्हणाले.