नख अडकतं तोवर

केबिन रोडवरच्या त्या हार्डवेअरवाल्या काकांना गिऱ्हाईक रेंगाळलेलं चालत नाही. "जल्दी बोलो, जल्दी," म्हणत ते काउंटरवर किल्ली आपटतात.

दगड घासून गुळगुळीत करणारं मशीन मी ऑनलाइन मागवलं होतं. लिफ्टमध्येही तोंड न उघडणारी मी, रविवारी सोसायटीच्या प्रदर्शनात चमकते दगड मांडेन असं ग्रुपवर लिहून बसले होते. म्हणून मशीनमध्ये दगडांसोबत घालायची, घासणारी जाड पावडर टाळून मी काकांकडे थेट पॉलिशची मागितली.

काकांनी माझ्या हातातला दगड घेऊन त्यावर नख फिरवलं. ते अडकलं.

"आता पॉलिश केलंस तर खड्डाच चमकेल, बेटा. आधी जाड पावडर. नख अडकायचं थांबलं की बारीक, मग पॉलिश. महिना गेला समज."

"पण रविवारी..."

"दगडाला रविवार समजत नाय. जाड देऊ ना? जल्दी बोलो."

फोनवरून पैसे पोचेपर्यंत त्यांनी तीनदा किल्ली आपटली.

रविवारी मी खरखरीत दगडच मांडले. "हे चमकणार कधी?" सेक्रेटरींनी हसत विचारलं.

"नख फिरवून बघा, काका," मी म्हटलं. "अडकलं ना? मग महिन्याने या."