'एका सभासदाने'

नव्वदच्या दशकात आखातात, देरा भागात, आमच्या मराठी मंडळाची सभा शुक्रवारी भरायची. आमचे एक सभासद कायम दाराजवळच्या खुर्चीत. सभा संपेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत, आणि काहीही ठरलं की मला, सेक्रेटरीला, बजावायचे, "मिनिट्समध्ये घ्या हो."

कार्यकारिणीविरुद्धच्या तक्रारी ऐकायला मंडळाची एक आचार समिती होती. तिचे तिन्ही मेंबर अध्यक्षांनीच नेमलेले. एका शुक्रवारी दाराजवळचे ते सभासद उभे राहिले.

"ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनीच समिती नेमायची? यापुढे ती सभेने निवडावी."

अध्यक्ष म्हणजे त्यांच्याच कंपनीचे मॅनेजर, आणि त्यांचा व्हिसा कंपनीकडूनच पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता.

"खलास, पुढचा विषय घ्या," अध्यक्ष हसून म्हणाले.

"मिनिट्समध्ये घ्या," ते मला म्हणाले.

मी घेतलं, पण त्यांच्या काळजीपोटी लिहिलं, 'एका सभासदाने सुचवले'. सभा संपल्यावर त्यांनी वही ओढली, 'एका सभासदाने' खोडलं आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग गार झालेला चहा शांतपणे प्यायले.

इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मी ते नाव गाळलंच आहे.