बंद घराचा नवा दर

मी बंद घरं उघडते. पोरं पुण्याला, अमेरिकेला गेली आणि म्हातारी माणसंही त्यांच्या मागं गेली, की सिडकोतलं घर कुलूप लावून माझ्या हवाली करतात. आठवड्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, झाडून घ्यायचं, पाणी यायचा दिवस असला तर टाकी भरून यायचं. "असला कुठं धंदा असतो का?" म्हणून नवरा लई हसला होता. आता हाताखाली दोन बायका आहेत, आणि हिशोब तोच बघतो.

माझं पहिलं घर बाईंचं. शाळेत शिकवायच्या, म्हणून बाई. अर्धं सामान घेऊन मुलाकडं पुण्याला गेल्या, तेव्हा किल्ली देताना म्हणाल्या, "येतेच मी लवकर." दर शनिवारी मी घरात शिरले की त्यांचा फोन यायचा. पंखा लाव, नळ सोड, मला ऐकू दे. मी फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरायचे. खरं सांगते, अंगावर काटा यायचा. वाटायचं, बाई पुण्याला गेल्याच नाहीत, इथंच कुठंतरी दाराआड उभ्या आहेत.

दर वाढवायचा ठरला, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांपुढं माझी जीभच रेटेना. नवरा म्हणाला, "पेट्रोल काय तुझ्या बाई भरतात व्हय?" त्याचंही खरंच होतं. पैसे मुलगा द्यायचा, म्हणून त्याला फोन लावला. वाटलं, घासाघीस करील. तर तो म्हणाला, "ताई, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. त्या घरावर किती दिवस खर्च करत बसायचं?"

बघता बघता घर विकलं. मुलगा किल्ली घ्यायला माझ्याकडं आला, तेव्हा दारातच आवाज खाली आणून म्हणाला, "आईला सांगितलेलं नाही. तिला सोसायचं नाही. शनिवारी तिचा फोन आला की नेहमीसारखं बोला. तुमचा नवा दर मी देत राहीन."

माझं डोकंच सणकलं. घर होतं तेव्हा खर्च जड जात होता, आणि आता नसलेल्या घराचे देतो म्हणे! "नको मला तुमचे पैसे," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पण शनिवारी फोन वाजला. "उघडलंस का गं?" बाईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडून 'हो' गेलं. माझ्याच स्वयंपाकघरात पंखा लावला, सिंकचा नळ सोडला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज तुझा आवाज घुमत नाही. आमच्या रिकाम्या घरात घुमतो."

मी नळ बंद केला.

"विकलं ना?"

"व्हय, बाई."

वाटलं, आता रडतील. पण तिकडं कुणीतरी खोलीत आल्याची चाहूल लागली. बाई घाईघाईनं पुटपुटल्या, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस हं. जिवाला लावून घेईल तो." आणि लगेच वर्गात बोलाव्यात तशा मोठ्यानं, "बरं, मागच्या दाराची कडी लावलीस का?"

मी नको म्हटलं तरी पैसे येतात, नव्या दरानं, अगदी वेळेवर. दरासाठी तो फोन मी लावलाच नसता तर घर अजून असतं का, हा विचार काही पाठ सोडत नाही. परवा त्या गल्लीतून जाताना बघितलं, तर खिडकी उघडी होती, आत कुणाचं तरी लेकरू रडत होतं. तरी माझा हात पर्समध्ये किल्ली शोधायला लागला.

शनिवारी मुलगा जवळ असला की बाई अजून मोठ्यानं विचारतात. मी गॅस बारीक करते आणि तितक्याच मोठ्यानं सांगते, "लावली, बाई. सगळं जागच्या जागी आहे."