सिग्वार्तची ओळ

सिग्वार्तने एकतीस हिवाळे डोंगरावर बांबू रोवले. दर दहा मीटरवर एक, डोक्याच्या वर जाईल एवढा. पठारावर धुकं उतरलं की आभाळ आणि जमीन एक होते. मग माणसं एका बांबूवरून दुसऱ्यावर जात पलीकडच्या लाकडी घरात मुक्कामाला पोचतात. भोक कोपरापर्यंत खोल, भोवतालचा बर्फ बुटाने तुडवलेला, वर तांब्याभर पाणी. ते गोठलं की काम झालं. त्याने रोवलेला बांबू मला कधी हलवता आला नाही, आणि मी चाळीस वर्षं जस्ताच्या भट्टीवर फावडं मारलं आहे.

यंदा फेब्रुवारीत त्याने नेहमीप्रमाणे स्कारवात्न तलावाच्या गोठलेल्या पाण्यावरून ओळ घातली. आठवड्याने घसरून खांदा निखळला आणि काम सुटलं. मार्चमध्ये रागनाने ती ओळ काढून टाकली. रागना त्याच्याच हाताखाली शिकलेली, आता त्याच्या जागी. तिने नवी ओळ तलावाला वळसा घालून डोंगराच्या अंगाने नेली. चार किलोमीटर जास्त. कारण सांगायला तिने दोनदा फोन केला. सिग्वार्तने उचलला नाही.

"तलावाला घाबरली," तो मला म्हणाला. "आणि माझं काम उपटलं."

ईस्टरच्या शनिवारी आम्ही तिघं स्कीवरून त्या लाकडी घराकडे निघालो, दरवर्षीसारखे. तिसरी ओडनी. तिने तीस वर्षं घाटात बस चालवली. सकाळी ऊन होतं. पहिल्या चढावर रेनडिअरचं कातडं अंथरून आम्ही संत्री सोलली, चॉकलेट खाल्लं. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कुठल्या रंगाचं मेण लावायचं, यावर भांडण झालं. तेही दरवर्षीचंच.

"निळं लावलंस ना? आता चढावर मागे घसर," ओडनी सिग्वार्तला म्हणाली.

"तू तुझं बघ. मला ढकलायला बोलावणार नाही."

"बोलावलंस तरी येणार नाही. तुझं वजन बघ जरा."

चढ वाढला तशी ओडनीच मागे घसरायला लागली. सिग्वार्त शीळ घालत राहिला.

तलावाच्या काठावर दोन बांबू आडवे-तिडवे बांधलेले होते. फुली. वर लाल फडकं, म्हणजे वाट बंद. रागनाची ओळ तिथून डावीकडे, चढाला लागत होती. सिग्वार्तने फुलीला बगल दिली आणि सरळ बर्फावर उतरला.

"अरे, ही फुली कोणासाठी आहे?" ओडनीने विचारलं.

"शहरातल्या पाहुण्यांसाठी."

"आणि आपण?"

"तू बसवाली. तुला रस्ता आखून लागतो. मला लागत नाही."

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण चार किलोमीटर वाचत होते. मीही उतरलो. आम्ही गेलो म्हणून ओडनीही आली, शिव्या घालत.

मध्यावर पोचलो आणि धुकं आलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग मागचा. पुढे सिग्वार्तची पाठ तेवढी दिसत होती. स्की जड व्हायला लागल्या. मी एक उचलून पाहिली. तळाला राखाडी, ओला बर्फ चिकटला होता. कोरड्या थंडीत असं होत नाही. खाली कुठेतरी पाणी वर येत होतं.

"सिग्वार्त, ओल आहे."

"वरची असेल."

पन्नासेक पावलं झाली असतील. धुक्यात एक बांबू उभा दिसला. तलावावर उरलेला एकटाच.

"बघा!" सिग्वार्त ओरडला. "माझा आहे. बरोबर ओळीत आणलं की नाही?"

तो दोन पावलं गेला आणि थांबला. तो थांबलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे.

"हा एकच का ठेवला तिने?" तो हळू म्हणाला. "रागना बांबू विसरत नाही. मी शिकवलंय तिला."

त्याने हातातली काठी लांब करून बांबूला टेकवली. ढकलली नाही, नुसती टेकवली. बांबू वीतभर खाली गेला आणि तिरका झाला. बुडाशी काळं पाणी दिसलं.

रागना दोन्ही काठांकडून बांबू काढत इथवर आली होती. इथला बर्फ पातळ, म्हणून या एकापर्यंत ती आली नव्हती.

मागे फिरण्यात लाज नसते, हे आमच्याकडे शाळेत शिकवतात. सिग्वार्त त्या दिवशी शाळेत गेला नव्हता, असं ओडनी नेहमी म्हणायची.

"मागे," सिग्वार्त म्हणाला. "आलो त्याच खुणांवरून. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. पाठीवरच्या पिशव्या सैल करा, पाण्यात पडलात तर झटकन सुटल्या पाहिजेत. तिघांत वीस वीस पावलांचं अंतर. ओडनी, तू हलकी, तू पुढे."

"आता बसवाली चालते का?"

"चालते. जा."

आमच्या खुणांत पाणी भरायला लागलं होतं. ओडनी वाकून त्या शोधत होती, मी तिच्या लाल टोपीवर नजर ठेवून होतो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. एकदा खालून लांब, जाड आवाज गेला, लाकूड चिरल्यासारखा. मी थिजलो.

"थांबू नकोस," मागून सिग्वार्तचा आवाज आला. "सरकत राहा."

त्याचा आवाज येत होता तोवर तो बर्फाच्या वर होता. मी अधूनमधून मुद्दाम काहीबाही विचारलं. त्याने प्रत्येक वेळी ओ दिली.

लाल फडकं दिसलं तेव्हा ओडनी खाली बसली. तिचे दोन्ही बूट घोट्यापर्यंत भिजले होते. मी माझे कोरडे मोजे दिले. सिग्वार्त आला, पण बसला नाही. स्की काढून तो परत बर्फावर वाकला.

"आता काय?" मी विचारलं.

"फुलीला बगल देऊन तीन माणसांच्या खुणा जातायत. ईस्टरची सुट्टी आहे, मागून माणसं येणार. धुक्यात लोक फुली बघत नाहीत, खुणा बघतात."

तो गुडघ्यांवर बसून, एका चांगल्या हाताने आमच्या खुणा पुसायला लागला. मीही बसलो. काठावर बर्फ जाड होता, तिथून चाळीस पावलं आत गेलो. तुडवून, बर्फ ओढून, एकही रेघ राहू दिली नाही. अर्धा तास लागला. मग फुलीला त्याने आणखी एक गाठ मारली, फोन काढला आणि लावला.

"रागना. मी फुली ओलांडली. खुणा पुसल्यात. मधला तो बांबू आणायला जाऊ नकोस, राहू दे."

पलीकडून ती बराच वेळ बोलली.

"हो," तो म्हणाला. "तुझा फोन तेव्हाच उचलायला हवा होता."

मग आम्ही चार किलोमीटरांच्या वळशाला लागलो. रागनाच्या पहिल्या बांबूशी तो थांबला, हाताने धरून हलवून पाहिला. हलला नाही. दुसराही नाही.

"प्रत्येक बघत बसलास तर उन्हाळा उजाडेल," ओडनी म्हणाली. "माझे पाय गारठलेत."

"चला तुम्ही पुढे," तो म्हणाला आणि तिसरा धरला.